पाण्याचे गुण आणि तळ्यातील जीवन

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



यंदाच्या संमेलनात आम्ही चार शब्द बोलावेत अशी मंडळाच्या चिटणिसांनी आज्ञा केली, आणि विषयाची निवड मात्र आमच्यावरच सोपविली. ज्ञातीचा इतिहास, मुलींचे शिक्षण, हुंड्याची अनिष्ट रूढी हे विषय या व्यासपीठावरून आमच्याहून अधिक अधिकारी वक्त्यांनी मांडलेले आहेत. आम्ही पडलो प्राथमिक शाळेतील शिक्षक. शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचे. छत्तीस वर्षे हाती खडू धरला, एवढेच आमचे भांडवल. तेव्हा ज्या वस्तूवर आपल्या ज्ञातीचे पोट पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्या पाण्याविषयीच बोलावे असे आम्ही ठरविले. या निवडीला आणखी एक कारण आहे. ते आमच्या मनाला गेली अनेक वर्षे टोचत असलेले कारण आहे, आणि योग्य स्थळी आम्ही ते आपणांपुढे ठेवणार आहोत.

आपला हा मुलूख तळ्यांचा. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वीच्या अखंड भंडारा जिल्ह्याला लोक तलावांचा जिल्हाच म्हणत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी आणि इतर कष्टाळू लोकांनी पाळी घालून ही तळी बांधली. पुढे ती मालगुजारांची झाली, मालगुजारी गेल्यावर शासनाकडे आली, आणि त्यांतील मासा धरण्याचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छिमार सहकारी संस्थांकडे आला. मालक बदलले, पण जाळे टाकणारा हात आपलाच राहिला. आपल्या आजोबांना पाण्याच्या रंगावरून आणि वासावरून जे कळत असे, ते सारेच आज आपल्या मुलांस कळते असे नाही. शाळेच्या पुस्तकात जे छापलेले असते, ते तर तळ्याच्या पाळीपर्यंत पोहोचतच नाही. या दोन ज्ञानांची गाठ घालून देणे एवढाच आजच्या भाषणाचा हेतू.

अमरकोशात पाण्याची जी अनेक नावे दिली आहेत, त्यांत ‘जीवन’ असे एक नाव आहे. पूर्वजांनी हे नाव काही उगीच दिलेले नव्हे. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश या पाच महाभूतांत पाणी हे एक मूलतत्त्व मानले जाई; युरोपातही पुष्कळ काळ तशीच समजूत होती. १७८३ साली लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाणी हे मूलतत्त्व नसून हायड्रोजन आणि प्राणवायू यांचे संयुग आहे, असे प्रयोगाने दाखविले. प्राणवायूचा एक अणू आणि हायड्रोजनचे दोन अणू मिळून पाण्याचा एक रेणू होतो. परंतु हे दोन हायड्रोजन प्राणवायूच्या दोन बाजूंना सरळ रेषेत बसलेले नसतात. ते एका अंगाला कललेले असतात. त्यामुळे रेणूच्या एका अंगाला किंचित ऋण आणि दुसऱ्या अंगाला किंचित धन विद्युत्‌भार राहतो, आणि एका रेणूचे धन अंग शेजाऱ्याच्या ऋण अंगाकडे ओढले जाते. सारांश, पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून असतात. हात सुटतो, पुन्हा दुसरा धरला जातो. पण धरणे थांबत नाही.

पाण्याचे बहुतेक सारे गुण या हात धरण्यातून आलेले आहेत. एक उदाहरण पाहा. तळ्याचा काळा गाळ पायाने ढवळला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड नावाच्या वायूचा. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ दुप्पट जड. असे असूनही तो शून्याखाली ६० अंशांवरच उकळून वायुरूप होतो. त्याहून हलके असलेले पाणी मात्र १०० अंशांपर्यंत द्रवरूप राहते. पाण्याच्या रेणूंनी परस्परांचे हात धरले नसते, तर पृथ्वीवर ना नदी असती, ना तळे, ना आपण.

आता या गुणांचा तळ्यातील जीवांस काय उपयोग होतो ते क्रमाने पाहू.

पहिला गुण उष्णता सोसण्याचा. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास एक कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच कोरड्या मातीला त्याच्या सुमारे एक पंचमांश पुरते. विदर्भातील वैशाख आपणांस सांगावयास नको. पारा ४५ अंशांवर जातो, पाळीवरची माती अनवाणी पायाला सोसवत नाही. पण त्याच दुपारी तळ्यात कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले तर जीव थंड होतो. शिवाय पाण्याची वाफ होण्यास फार मोठी उष्णता लागते. १०० अंशांवरच्या एक ग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० कॅलरी खर्ची पडतात. तळ्याच्या पृष्ठभागावरून उन्हाळाभर जी वाफ जाते, ती आपल्याबरोबर ही उष्णता घेऊन जाते, आणि खालचे पाणी तगून राहते. माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. भोवतालच्या पाण्याचे जे तापमान, तेच त्याचे. पाणी दगडमातीसारखे घटकेत तापणारे आणि घटकेत निवणारे असते, तर मासा एक दिवसही जगता ना.

दुसरा गुण अधिक नवलाचा आहे. बहुतेक पदार्थ थंड होता होता आकसतात आणि जड होतात. पाणीही होते, पण ४ अंशांपर्यंतच. त्याखाली ते पुन्हा फुगू लागते, आणि गोठून बर्फ झाले म्हणजे तर पाण्याहून हलके होऊन तरंगते. असे का व्हावे? पंगतीचा दाखला घ्या. मांडवात माणसे दाटीवाटीने उभी असली की पुष्कळ मावतात. तीच पाटावर ओळीने बसविली म्हणजे मध्ये अंतर ठेवावे लागते, आणि त्याच मांडवात थोडीच मावतात. बर्फात पाण्याचे रेणू असे पंगतीला बसलेले असतात. काश्मीरच्या दल सरोवराचा पृष्ठभाग कडक हिवाळ्यात गोठतो, तरी बर्फाच्या छताखाली पाणी पाण्याच्याच रूपात राहते आणि मासा जिवंत राहतो. बर्फ जड असता तर तो तळाशी साचत जाऊन सारे सरोवर दगडासारखे झाले असते. आपल्याकडे तळी गोठत नाहीत हे खरे. पण थंड पाणी जड आणि ऊन पाणी हलके, हा नियम आपल्या तळ्यांसही लागू आहे. दिवसा वरचा थर तापून हलका होतो आणि वरच राहतो. तळचे पाणी त्याच्याखाली कोंडल्यासारखे होते. वरचा थर निवला किंवा वाऱ्याने ढवळला गेला, म्हणजेच वरखाली होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

तिसरा गुण पृष्ठताणाचा. पृष्ठभागावरचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पाण्यावर जणू पातळ कातडे ताणलेले असावे. लांब पायांचे किडे त्यावरून पाय न बुडविता धावतात. डासाची अळी श्वासनळीचे टोक या कातड्याला लावून उलटी लोंबते. रॉकेलचा तवंग पडला की तिचा आधार आणि श्वास दोन्ही जातात.

चौथा गुण उचलून धरण्याचा. कमळाचा देठ पाण्यात ताठ उभा दिसतो, पण उपटून हातात घेतला की मान टाकतो. पाणीच भार वाहत असल्यामुळे पाणवनस्पतीस लाकडी खोड लागत नाही. तोच देठ आडवा कापून पाहावा. आत लांबच लांब पोकळ नळ्या दिसतात. कमळाचा कंद ज्या गाळात असतो तेथे प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून पानांनी घेतलेली हवा या नळ्यांतून खाली कंदापर्यंत जाते. आम्ही वर्गात दरवर्षी हा देठ कापून दाखवीत असू, आणि मुले हमखास त्यात फुंकर घालून पाहत.

पाचवा गुण पारदर्शकतेचा. प्रकाश पाण्यात काही खोलीपर्यंत जातो, आणि जेथपर्यंत जातो तेथपर्यंत हिरवे जीव अन्न तयार करतात. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म शैवाल हे तळ्याचे शेत. त्यावर सूक्ष्म प्राणी जगतात, त्यांवर किडे आणि मासोळ्या, त्यांवर मोठे मासे. आणि त्या सर्वांवर बगळे, पाणकावळे व आपण. आपल्या व्यवसायातील तीन मुख्य मासेही पाण्याचे थर वाटून घेतात. कतला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एका घरात तीन भावांनी तीन चुली मांडाव्यात आणि भांडण नसावे, तसा हा प्रकार आहे. गोंदिया जिल्ह्यात सारस पक्षी आजही दिसतात, ते या तळ्यांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आधारानेच.

आता सहावा गुण, आणि आजच्या विषयाचे मर्म. पाणी पुष्कळ पदार्थ आपल्यात विरघळवून घेते. मीठ, चुना, खताचे क्षार, शेणातील सत्त्व हे सारे विरघळते म्हणूनच शैवालाला अन्न मिळते. हवाही विरघळते. मासा श्वास घेतो तो पाण्यातील या विरघळलेल्या प्राणवायूवर. पाण्याचा रेणू ज्या प्राणवायूने बनला आहे, तो माशाला घेता येत नाही. हा भेद पुष्कळ शिकलेल्या लोकांच्याही ध्यानात नसतो.

पण हा शिधा किती तुटपुंजा असतो! एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. ३० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो फार तर साडेसात मिलिग्रॅम मावतो. म्हणजे आपल्या वाट्याला जेवढा येतो, त्याच्या सुमारे पस्तिसावा हिस्सा माशाच्या वाट्याला. साखर ऊन पाण्यात अधिक विरघळते; वायूचे त्याच्या उलट. शून्य अंशाच्या पाण्यात १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आणि पाणी तापत जाईल तसतसा तो कमी होतो. शिवाय स्तब्ध पाण्यात प्राणवायू पसरतो तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट हळू. वारा सुटला, लाटा उठल्या, तरच वरची हवा खाली पोहोचते. कतला, रोहू, मृगळ यांना लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू असला म्हणजे बरे; तो तिनाच्या खाली गेला की त्यांची तगमग सुरू होते. साडेसात आणि तीन यांत अंतर ते किती!

दिवसा सूर्यप्रकाशात हिरव्या वनस्पती कर्बद्विप्राणिल वायू, ज्याला हल्ली कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो घेऊन प्राणवायू सोडतात. त्यामुळे दुपारनंतर तळ्यात प्राणवायू सर्वांत अधिक असतो. रात्री हे काम बंद. पण श्वास घेणे कोणाचेच बंद होत नाही. मासा, किडा, शैवाल, गाळातील सूक्ष्म जंतू, सारेच रात्रभर त्याच शिध्यातून खातात. म्हणून सूर्योदयाच्या आधीची घटका ही तळ्याची सर्वांत कठीण घटका होय.

येथे आम्ही सुरुवातीला ज्या कारणाचा उल्लेख केला, ते सांगणे प्राप्त आहे.

२०११ सालचा भाद्रपद महिना. आमच्या गावच्या तळ्यात एके दिवशी पहाटे मासा मेला. उजाडले तेव्हा पाळीच्या कडेने पांढरी पोटे वर करून रोहू, कतला आणि मृगळ पडलेले होते. मोठमोठाले, दिवाळीपुढे काढावयाचे. संस्थेच्या सभासदांचे वर्षाचे उत्पन्न एका रात्रीत गेले. बायका पाळीवर बसून रडत होत्या. दुपारपर्यंत गावात एकच शब्द फिरू लागला: विष. आणि संध्याकाळपर्यंत त्या शब्दाला एक घर मिळाले.

त्या घराचे नाव आम्ही येथे घेत नाही. पुष्कळांना ते ठाऊक आहे. संस्थेच्या हिशेबावरून त्या घराचा आणि संचालकांचा वाद चालू होता. त्यांचा थोरला मुलगा धानावर औषध फवारण्याच्या रोजीने जाई. एवढा पुरावा लोकांस पुरेसा वाटला. दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात बैठक भरली आणि त्या घराचे पाणी-विस्तव बंद करण्याचे ठरले. आम्ही त्या बैठकीस हजर होतो. संस्थेच्या समितीवरही होतो.

त्या घरच्या वृद्ध आजी बैठकीच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांना आत बोलू दिले नाही. आम्ही बाहेर आलो तेव्हा त्या आम्हांस म्हणाल्या, “गुरुजी, मरळी त जित्याच हायेत. मांगूरही जित्ता हाये. मंग जहर कायचं?”

बंधूंनो, त्या माउलीला अक्षरओळख नव्हती. पण तिचा प्रश्न शास्त्राचा होता. मरळ, मांगूर, शिंगी हे मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवेतील प्राणवायू घेऊ शकतात. म्हणूनच ते चिखलात, थोड्या पाण्यातही जगतात. पाण्यातील प्राणवायू संपला तर रोहू-कतला मरतील आणि मरळ तगेल. विष पडले असते, तर ते मरळीला ओळख दाखवून सोडणार नव्हते. बेडकांची पिल्ले आणि किडेही मेले असते. प्राणवायू तुटला म्हणजे बहुधा मोठा मासा आधी जातो. विषाने बहुधा लहान. आणि मरणाची वेळ कोणती? पहाटेची. हे सारे आजींनी डोळ्यांनी पाहिले होते. आम्हांस त्याचे कारण ठाऊक होते. आम्ही तो धडा सातवीच्या वर्गाला वर्षानुवर्षे शिकवीत होतो. तरी आम्ही त्यांना एवढेच म्हणालो, “पाहू, आजी,” आणि घरी गेलो.

का गेलो? कारण आणखी एक गोष्ट आम्हांस ठाऊक होती. मासा लवकर वाढावा म्हणून त्या श्रावणात संस्थेने गाडीच्या गाडी ओले शेण तळ्यात टाकविले होते, आणि त्या ठरावावर समितीच्या इतर सभासदांबरोबर आमचीही सही होती. शेण थोडे आणि वेळोवेळी टाकले तर ते शैवालाचे खत होते. एकदम ढीग टाकला तर ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. पाणी गर्द हिरवे झाले होते. अर्ध्या तळ्यावर जलपर्णी पसरली होती; तिच्याखाली ना प्रकाश जात होता, ना वारा. पाच दिवस आभाळ भरलेले, वारा पडलेला. शैवाल दिवसा प्राणवायू सोडीत नव्हते आणि रात्री खात मात्र होते. त्यातच शेवटच्या रात्री जोराची सर आली. वरचे पाणी थंड होऊन जड झाले, खाली गेले, आणि तळचे प्राणवायूहीन, कुजके पाणी वर आले. मघाशी सांगितलेला थंड आणि ऊन पाण्याचा नियम आमच्या डोळ्यांदेखत घडला होता. आम्ही बोललो असतो तर दोष त्या घराकडून समितीकडे, म्हणजे आमच्याकडे आला असता. म्हणून आम्ही गप्प बसलो.

आठव्या दिवशी मत्स्यव्यवसाय खात्याचे एक अधिकारी आले. त्यांनी पहाटे पृष्ठभागाच्या आणि तळाच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या. त्याच दिवशी दुपारी तिसरी बाटली भरली. १८८८ साली विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने एक पद्धत शोधली. बाटलीत दोन द्रव्ये घातली की, पाण्यात प्राणवायू असल्यास तपकिरी साका बसतो. नसल्यास तो पांढरा राहतो. दुपारची बाटली गडद तपकिरी झाली. पहाटेची वरची बाटली फिकट. पहाटेची तळाची बाटली दुधासारखी पांढरी. अधिकाऱ्यांनी त्या तिन्ही बाटल्या समाजमंदिराच्या ओट्यावर ओळीने मांडल्या, आणि कोणालाही बोल न लावता, कोणते पाणी केव्हाचे तेवढे सांगितले. मग आम्हांस कंठ फुटला. शेणाचा ठराव आम्ही उघड केला आणि मरळीची गोष्ट सांगितली. पण ती आजींनी आधी सांगितली होती, हे सांगावयाचे आम्ही विसरलो. खरे म्हणजे विसरलो नाही, सांगितले नाही.

बहिष्कार मागे घेतला गेला. परंतु त्या आठ दिवसांत त्या घरच्या मुलीचा ठरलेला साखरपुडा मोडला होता, तो पुन्हा जुळला नाही. औषध फवारणाऱ्या मुलाला त्या हंगामात गावात कोणी कामाला बोलावले नाही. तो नागपूरला गेला तो तिकडचाच झाला. आजी पुढे तीन वर्षांनी वारल्या. आम्ही त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली नाही. पाण्यातील प्राणवायू मोजता येतो. एका माणसाने गप्प बसल्याने दुसऱ्याच्या घरातून काय गेले, ते मोजण्याची बाटली अजून निघालेली नाही.

आता मंडळापुढे आमचे म्हणणे थोडक्यात ठेवतो.

व्यवसायाच्या बाबतीत चार गोष्टी पाळाव्यात. खत घालावयाचे ते थोडे थोडे, आणि ऊन असलेल्या दिवसांत. आभाळ भरलेले असताना किंवा पाणी गर्द हिरवे झाले असताना मुळीच घालू नये. जलपर्णी फुलण्यापूर्वीच काढावी, आणि काढलेली पाळीवर न टाकता दूर नेऊन तिचे खत करावे. पाळीवर टाकलेली पहिल्या पावसात पुन्हा पाण्यात जाते. पावसाळ्यात एका माणसाने रोज पहाटे तळ्यावर फेरी मारावी; मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून हवा घेत असेल, तर ती हाक समजावी. अशा वेळी पंपाने त्याच तळ्याचे पाणी उंचावरून पुन्हा तळ्यात पाडावे, ताजे पाणी आत घ्यावे, पंप नसेल तर डोंगे आणि वल्ही घेऊन पाणी झोडपावे. पाणी हलले की हवा आत शिरते. काही मासा तरी वाचतो.

समाजाच्या बाबतीत एकच गोष्ट. महाराष्ट्रात २०१६ च्या अधिनियमाने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरला आहे. पण आम्ही कायद्याच्या धाकाने बोलत नाही. तळ्यात मासा मरेल, विहिरीचे पाणी बिघडेल, गुरे दगावतील. त्या दिवशी प्रथम पाण्याची बाटली भरावी, आणि माणसाकडे बोट नंतर दाखवावे. मंडळाने आपल्या प्रत्येक मच्छिमार संस्थेकडे प्राणवायू तपासण्याची साधी पेटी द्यावी, आणि ती वापरण्यास गावातील दोन मुले व दोन मुली शिकवाव्यात, अशी आमची विनंती आहे. शिकविण्याचे काम आम्ही विनामोबदला करू. हातपाय चालतात तोवर आम्ही कोणत्याही गावी येऊ. आणि त्याबरोबर जुन्या जाणत्या माणसांच्या, विशेषतः बाजारात मासा विकणाऱ्या बायकांच्या, तोंडचे माशांचे आणि पाण्याचे ज्ञान वहीत उतरून घ्यावे. आजींना जे ठाऊक होते ते आमच्या पुस्तकाच्या आधीपासून या तळ्यांवर होते.

पाणी सर्वांना आपल्यात सामावून घेते, हा त्याचा मोठा गुण. परंतु ते चांगले-वाईट निवडीत नाही; जे टाकाल ते घेते. तळे किती दिवस मुकाट्याने सोसते, आणि मग एका पहाटे त्याला सोसत नाही. समाजाचेही तसेच आहे. त्यात संशय टाकला तर तोही विरघळतो आणि सर्वांच्या श्वासात जातो. म्हणून त्यात काय टाकावे, हे टाकणाऱ्यानेच पाहिले पाहिजे.

त्या घरची मंडळी आज या सभेस आली आहेत. पाच वाक्ये उच्चारण्याचे धैर्य ज्या दिवशी व्हावयास हवे होते, त्या दिवशी आम्हांस झाले नाही. आज, ज्ञातीच्या भर सभेत, आम्ही त्यांची आणि दिवंगत आजींची क्षमा मागतो. मरळीची गोष्ट आजींनी सांगितली होती, आम्ही नव्हे. तेवढे स्मरणिकेत छापले जावे.